रफूतली आई

माझ्या मुलीला दोन आया आहेत, हे मला एका मांजरीमुळे कळलं.

दिवेलागणीची वेळ होती. अंगावरचा प्लास्टिकचा झगा नुकताच उतरवून मी निवासी शाळेच्या व्हरांड्यात बसले आणि घरी फोन लावला. पडद्यावर दुर्वा आली. साडेतीन वर्षांची. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातानं नाक पुसणं चाललेलं. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "आई, मांजर कुठं आली?"

"कुठली मांजर गं?"

"कालची. लाँचमधी बसली ना. मग कुठं आली?"

"कुठून आली, असं म्हणायचंय का तुला?"

"नाही गं," ती वैतागली. "कुठं आली. तू सांगत होतीस. मग मी झोपली."

मी तिला मांजरीची कसलीच गोष्ट सांगितली नव्हती. आदल्या संध्याकाळी आमचं बोलणं सुरू होता होताच लाइन तुटली होती. थोडा वेळ वाट बघून मी पेशंटकडे पळाले, एका म्हातारबाबांचा ऑक्सिजन खाली आला होता म्हणून. मी तिकडे नळी नीट करत होते तेव्हा इकडे, पाण्यापलीकडच्या आमच्या घरात, मीच माझ्या मुलीला लाँचमध्ये बसलेल्या मांजरीची गोष्ट सांगून झोपवत होते.

त्या वर्षी घोगरा आला होता. आजाराचं पुस्तकी नाव लांबलचक आहे, पण आमच्या खोऱ्यात त्याला कुणी दुसरं काही म्हटलं नाही. आधी गळ्यातल्या स्वरतंतूंना सूज यायची, आवाज फाटायचा, आणि मग ताप छातीत उतरायचा. तो पसरायचाही बोलण्यातूनच. माणसं समोरासमोर बसून मोकळेपणी बोलली, हसली, गायली की झालं. त्यामुळे गावागावांत पहिला हुकूम निघाला तो बोलणं बंद करण्याचा. पार ओस पडला, गिरणीवरची बाकं उलटी करून ठेवली.

आमचं कोंढवशी धरणाच्या पाण्याच्या एका काठाला. दुसऱ्या काठाच्या निवासी शाळेत पेशंट ठेवलेले, आणि तिथं मी नर्स. मध्ये लाँचचा थोडासा प्रवास. दुपारी ऊन पडलं की शाळेच्या पायरीवरून आमच्या घराचा पत्रा चमकताना दिसायचा. दिसायचा, पण जाता यायचं नाही. दुर्वाचे बाबा वाशीच्या मार्केटमध्ये कामाला, ते तिकडेच अडकलेले. दुर्वा माझ्या मोठ्या जावेकडे, आक्काकडे.

मग सरकारनं घरोघर तो डबा दिला.

त्याचं असं आहे. साध्या व्हिडिओ फोनमध्ये तुमचं सगळं चित्र क्षणाक्षणाला इकडून तिकडे वाहून न्यावं लागतं. त्याला लाइन रुंद लागते. आमच्याकडे डोंगराच्या सोंडेवर एकच टॉवर, आणि संध्याकाळी सगळं खोरं त्याला लोंबकळलेलं. म्हणून या डब्यात युक्ती केली होती. तुमचा चेहरा आणि आवाज आधीच समोरच्या घरातल्या डब्यात भरून ठेवायचा. ओळखीच्या शिंप्याकडे आपलं माप असतं ना, तसं. मग फोननं फक्त निरोप धाडायचा: ओठ इतके उघडले, भुवई वर गेली, सूर चढला, शब्द हे. तिकडचा डबा मापावरून तुम्हाला नव्यानं शिवून उभं करणार. सुतासारखी बारीक लाइनही त्याला पुरायची.

आणि ते सूतही तुटलं, तर? तर डबा थांबत नसे. तुम्ही कसं बोलता, कशावर हसता, मुलीला कुठल्या लाडक्या नावानं हाक मारता, हे तो शिकलेला असे. अशा वेळी तुम्ही बहुधा काय बोलला असतात, ते तो तुमच्या तोंडून बोलून टाकी, आणि लाइन आली की तुमच्या खऱ्या वाक्याला बेमालूम जोडून घेई. तेवढ्या वेळात चित्राच्या कडेला एक नारिंगी दोरा दिसे, म्हणजे हे भरलेलं आहे, खरं नाही, हे मोठ्यांना कळावं. कंपनीनं डब्याला काहीतरी इंग्रजी नाव दिलं होतं. गावानं दोनच दिवसांत त्याला रफू म्हणायला सुरुवात केली.

गाव रफूला किती चटकन सरावलं, याचं मला अजून नवल वाटतं. भजनी मंडळ डब्यावर बसायला लागलं. पखवाजाची लाइन तुटली तर रफूच ठेका धरायचा, आणि म्हातारे म्हणायचे, आमच्या नामदेवपेक्षा हा बरा, मध्येच तंबाखू मळत नाही. एका साखरपुड्यात नवऱ्या मुलीचा होकार नेमका नारिंगी दोऱ्यात आला. मुलाकडचे म्हणाले, झालं, पोरगी हो म्हणाली. मुलीचा मामा उठला. "रफू हो म्हणालाय. आता पोरीला विचारा." पुन्हा विचारलं. पोरगी म्हणाली, विचार करून सांगते. तेव्हापासून कोंढवशीत रीतच पडली, महत्त्वाचं काही बोलणं झालं की समोरचा विचारणार, "सुतातलं का रफूतलं?"

कंपनीनंही काही मर्यादा घातल्या होत्या. रफूनं वचन द्यायचं नाही. औषध सांगायचं नाही. व्यवहार ठरवायचा नाही. आणि निरोप घ्यायचा नाही, कारण बोलणं कधी संपवायचं हे माणसानंच ठरवायचं. झीनत मुलाणी, जी आमच्या खोऱ्यातले सगळे डबे सांभाळायची, तिनं माझं माप घेतलं तेव्हाचं मला आठवतं. मी पिवळा ड्रेस घालून, केसांत अबोली माळून बसले होते. हसले, रागावले, गाणं म्हटलं, दुर्वाला लाडानं दुरू दुरू म्हणून हाका मारल्या. संपल्यावर उठता उठता म्हणाले, "येते हं, झीनत." तिनं लगेच बोट उचलून तेवढं पुसलं. "हे मापात नाही घेत, सिस्टर. त्याला जायची परवानगी नाहीय."

आम्ही दोघी हसलो होतो.

मर्यादा आणखी एक होती. लाइन बराच वेळ आली नाही, तर रफूनं हळूहळू मंद होऊन बोलणं थांबवायचं. मग मांजर आमच्या घरात आली कुठून? दुसऱ्या दिवशी सकाळी, लाइन मोकळी असताना, मी आक्काला गाठलं.

"ती मुदत मी काढली," आक्का तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "झीनतला विचारलं, काढता येती का. ती म्हणाली घरातल्यानं काढली तर निघती."

"मला विचारायचं तरी."

"कधी विचारू? तू लाइनवर असतीस का? रोज संध्याकाळी तुझं तोंड अर्ध्यात बंद पडायचं आणि पोरगी ऊर फुटेस्तोवर रडायची. आता नाही रडत. तू बोलत राहतीस, ती झोपती."

"मी नाही बोलत, आक्का."

"तुझंच तोंड, तुझाच आवाज. बाहेरची कोण आणून बसवली का मी?" तिनं एक खडा काढून फेकला. "स्वतःवरच जळतीस व्हय गं हर्षदा?"

"जळत नाही मी."

"मग आवाज कशाला चढवलास?"

मी फोन ठेवला. जळत होते, नाही कशी. आधी मी आक्कावर जळायचे. दुर्वा तिच्या हातची भाकरी खाते, तिच्या कुशीत झोपते, तिच्यासारखं 'व्हय' म्हणायला शिकली, यातलं प्रत्येक मला टोचायचं. पण आक्काशी भांडता यायचं, आणि भांडून झालं की तिनं धाडलेला लोणच्याचा डबा घेता यायचा. या रफूतलीशी भांडू कशी? ही कधी थकत नव्हती. हिला मध्येच कुणी हाक मारत नव्हतं. माझ्या नाकावर मास्कचे वळ पडले होते, डोक्यावर घाम मरेना म्हणून मी केस कानापर्यंत कापले होते, आणि ती आपली रोज पिवळा ड्रेस घालून, ताजी अबोली माळून माझ्या मुलीसमोर बसत होती. मी खरोखर बोलत असे तेव्हाही दुर्वाला दिसायची तीच. मी केस कापल्याचं तिला माहीतसुद्धा नव्हतं.

त्या संध्याकाळी लाइन धडधाकट होती. मी ठरवूनच बसले. म्हटलं, "दुरू, आज मी मांजरीची गोष्ट सांगणार, पहिल्यापासून. एक होती मांजर, तिचं नाव मनी."

"बिजली," दुर्वा म्हणाली.

"बरं, बिजली. ती घरात उंदीर पकडायची."

"ती उंदीर नाय खात. तिला उंदराची भीती वाटती. तूच सांगितलं ना." ती डोळे बारीक करून माझ्याकडे बघायला लागली. "तू आज विसरतीस का?"

परक्याच्या घरी जेवायला बसून मीठ कुठं आहे विचारावं तशी मी माझ्याच गोष्टीत चाचपडत होते. तिला ती पाठ होती. मला सुधारता सुधारता तिचा उत्साह उतरत गेला. तेवढ्यात वॉर्डमधून हाक आली.

मी नेहमीसारखं म्हटलं, "येते हं, दुरू."

ती म्हणाली, "येऊ नको."

"काय गं?"

"तू येऊ नको." खालचा ओठ पुढे आला होता. मग तिनं तोंडच फिरवलं.

मागून पुन्हा हाक आली. मी फोन बंद केला आणि वॉर्डमध्ये गेले. सलाइन लावली, ताप मोजले, एका आजीची उशी सारखी केली. हात आपापलं काम करत होते. डोक्यात ते दोनच शब्द. मुलं खोटं बोलत नाहीत असं म्हणतात. मला तेव्हा वाटलं, थोडं तरी बोलावं त्यांनी.

झीनत दर आठवड्याला दोन दिवस आमच्या केंद्रावर यायची. ती बॅटऱ्या तपासत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "माझं माप पुसून टाक."

"का?"

"माझ्या मुलीला ती जास्त आवडते."

तिनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. हसली नाही, हे बरं केलं. "पुसते. मग लाइन बारीक झाली की दुर्वाला चित्रच दिसणार नाही. नुसती खरखर. चालेल?"

"आत्ता तरी कोण दिसतं तिला?"

"एकदा ऐका तिला. नंतर सांगा, मी पुसते."

तिनं तिच्याजवळच्या डब्यावर माझं माप लावलं आणि मुद्दाम लाइन काढून घेतली. कडेला नारिंगी दोरा उमटला. समोर मी बसले होते. गुबगुबीत, झोप पुरी झालेली. झीनत लहान मुलीचा आवाज काढून म्हणाली, "आई, भूक नाही." आणि पडद्यावरची ती म्हणाली, "बरं, मग भाकरीला विचारू या, तिला कुणाच्या पोटात जायचंय." असं मी म्हणत असे. घोगरा यायच्या आधी, वेळ असायचा तेव्हा. आता मी म्हणायचे, "खाऊन घे गं पटकन, मला जायचंय." तिनं माझ्याकडून चोरलेलं काहीच नव्हतं. माझ्याकडे जे उरलं नव्हतं ते तिच्याकडे होतं, एवढंच. आणि त्यानं तर मी जास्तच पेटले.

"उद्या पुसू," मी म्हटलं. हवी ती शिवी सापडली नाही की माणूस उद्यावर टाकतो, तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून चहा मागितला आणि घशातून नुसती हवा आली.

नर्सची खाट पेशंटच्या रांगेत लागली. ताप छातीत उतरला नाही, तेवढं नशीब. पण आवाज गेला, आणि पुढं आला तो पत्र्यावर खिळा ओढावा तसा. डॉक्टरांनी सांगितलं, काही महिने असाच राहील, कदाचित कायमचा. आता माप पुसायचं नाव कोण काढणार? मी पांघरुणात तोंड घालून फोनपुढं नुसते ओठ हलवायचे, श्वासानं शब्द फुंकायचे, आणि पाण्यापलीकडे माझ्या जुन्या गोड आवाजात ते वाजायचे. शब्द माझे, गळा तिचा. दुर्वा खुदकन हसली की ते हसू कुणासाठी, याचा मी हिशोब करत बसायचे.

बरी झाल्यावर घरी जायच्या आधी झीनत म्हणाली, "सिस्टर, डब्यातलं आवाज सुधारणं मी बंद करते दोन दिवस. तिला तुमचा खरा आवाज ऐकू दे. सवय होईल."

"नको."

"अचानक गेलात तर घाबरेल ती."

"नको म्हटलं ना." माझ्या त्या खरखरीनं बाजूचा पेशंटही वळून बघायला लागला. फोनवरून दुर्वानं हा आवाज ऐकला असता, तोंड वाकडं केलं असतं, आणि मग आमच्या दोघींतली निवड तिनं माझ्या डोळ्यांदेखत केली असती. ते बघायची माझ्यात हिंमत नव्हती.

दुपारच्या लाँचनं मी कोंढवशीला उतरले. चार्जिंग संपलेला फोन बॅगेत होता. बॅग मी अंगणातल्या दगडावरच ठेवली, हातपाय धुतले आणि दारात उभी राहिले. आक्का चुलीपासून उठली. माझे कापलेले केस बघून तिनं तोंडाला पदर लावला. दुर्वा तिच्या मागं होती, साडी मुठीत धरून.

"दुरू," मी म्हटलं.

ती आणखी मागं सरकली.

"अगं, आई हाय तुझी," आक्का म्हणाली. "ये की पुढं."

दुर्वानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. केस, नाकावरचा वळ, ओठ. खाली पाण्यावर लाँचनं भोंगा दिला आणि ती परत निघाली. दुर्वाची नजर तिकडे गेली. "लाँच आली," ती आक्काला म्हणाली.

"गेली म्हणायचं गं. गेली." आक्का माझ्याकडे बघून कसनुसं हसली. "सगळं उलटंच बोलती हल्ली."

माझं लक्ष नव्हतं. कारण दुर्वा आता घरात पळाली होती, फडताळावरच्या डब्याकडे. स्टुलावर चढून तिनं त्याला हाक मारली. "आई."

डब्यानं माझा फोन लावून बघितला असेल. फोन बंद. लाइन तुटली असं त्यानं धरलं आणि कडेला नारिंगी दोरा उमटला. पिवळा ड्रेस, अबोली.

"आई, आपल्या घरी कुणीतरी आलंय," दुर्वा कुजबुजली.

"हो का?" ती म्हणाली, माझ्या आवाजात, किती मायेनं. "कोण आलंय, दुरू?"

मी उंबऱ्याबाहेर उभी होते आणि घरातून मीच विचारत होते, कोण आलंय. आक्कानं डबा बंद करायला हात पुढं केला. मी मानेनं नको म्हटलं. बंद केला असता तर दुर्वाच्या लेखी मीच तिची आई घालवली असती, या आवाजाच्या बाईनं. डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि ते तिला दिसायला नको होतं. अंगणातली बॅग आणायचं निमित्त पुरेसं होतं. मी वळले. आणि घरातून पाऊल बाहेर टाकताना आयुष्यभर जे तोंडातून आलं तेच आलं, फाटक्या गळ्यातून, पण शेवटच्या अक्षरावर तसंच रेंगाळत.

"येते हं, दुरू."

मागं स्टूल आपटलं.

दोन हात येऊन माझ्या गुडघ्यांना इतक्या जोरात धडकले की मी दाराची चौकट धरली. दुर्वा माझ्या ड्रेसमध्ये तोंड खुपसून ओरडत होती, "येऊ नको. आई, येऊ नको. तू येऊ नको ना."

तोंड नको म्हणत होतं आणि हात सोडत नव्हते. मी खाली बघितलं. बोटांनी कापड पिळून धरलं होतं.

लाँच आली. मांजर कुठं आली. तिच्या छोट्या आयुष्यात जो जो गेला, तो तो 'येतो' म्हणून गेला. बाबा वाशीला जाताना 'येतो' म्हणाले. मी पाण्यापलीकडे जाताना 'येते' म्हणाले. लाइन टिकली त्या प्रत्येक संध्याकाळी मी 'येते' म्हणायचे आणि पडदा काळा व्हायचा. जाणं या गोष्टीला आमच्या घरात हाच एक शब्द होता, आणि ती तो आमच्याकडूनच शिकली होती. त्या संध्याकाळी तोंड फिरवून ती मला काय सांगत होती, ते माझ्यापर्यंत आत्ता पोचलं.

मी उंबऱ्यावरच बसले आणि तिला मांडीत घेतलं. केसांना शेवग्याच्या शेंगांचा वास येत होता, आक्काच्या आमटीचा.

"नाही येत," मी त्या खरखरत्या आवाजात म्हटलं. "कुठंच येत नाही आता."

तिनं मान वर करून माझा गळा बघितला. बोट लावून बघितलं, आत काय अडकलंय ते. "दुखतं?"

"थोडं."

फडताळावरून आवाज आला. "दुरू, सांगितलं नाहीस. कोण आलंय?"

दुर्वानं माझ्या खांद्यावरून तिकडे बघितलं. रागानं नाही, पाहुण्याला वाटेला लावावं तसं.

"आई हाय," ती म्हणाली. "तू ये आता."